‘थांबा’ कोण म्हणणार?

गाडीच्या डिकीत एक रबरी बाहुली आहे. पुऱ्या दिवसांच्या लेकराएवढी, डोक्यावर पुढची आणि मागची टाळू बोटाला लागेल अशी कोरलेली. शेजारी प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा, एक हातपंप आणि वाटीच्या आकाराचे दोन कप. हे सगळं सामान नांदेडहून लातूरला निघालंय. सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर असा सुमारे एकशेचाळीस किलोमीटरचा रस्ता. लातूरला काही वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि सिस्टरना बाळंतपणात व्हॅक्यूम कसा लावायचा ते शिकवायचं आहे. कधी लावायचा नाही आणि लावला तर कधी थांबायचं, हे त्याहून आधी शिकवायचं आहे.

गाडीत तिघं आहेत. नांदेडच्या मॅडम बावीस वर्षं स्त्रीरोग विभागात शिकवतात. लातूरचे सर त्यांच्याहून थोडे मोठे, स्वतःचं प्रसूतिगृह चालवणारे. नांदेडला लग्नाला आले होते, परत जाताना मॅडमच्या गाडीत बसले. पुढच्या सीटवर सिस्टर, तेलंगणाच्या सीमेकडच्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या. तिघांना नावं दिलेली नाहीत, कारण ही माणसं लेखासाठी रचलेली आहेत. त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही लेबर रूमच्या बाहेर, रात्री चहाच्या कपावर तो ऐकू येतो.

सामान ठेवताना सरांच्या हाताला कप लागला तेव्हाच त्याला सुरुवात झाली.

“मॅडम, हे अजून शिकवता तुम्ही?”

“शिकवते म्हणूनच तर निघालेय, सर.”

“मी सोडून दिलं. सतरा वर्षं झाली. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, डोकं अडलंय, ठोके घसरायला लागलेत, की मी सरळ सिझर करतो. माय वाचते, लेकरू वाचतं, मला रात्री झोप लागते.”

“तुमच्याकडं लेबर रूमच्या भिंतीपलीकडं थिएटर आहे, सर. भूलतज्ज्ञ फोन केला की दहा मिनिटांत येतो. सिस्टरच्या रुग्णालयातल्या बाईला थिएटर दोन तासांवर आहे. तिच्यासाठी तुमचं उत्तर काय?”

सर काही बोलले नाहीत. गाडी असर्जनच्या पुढं निघून गेली होती.

बाळंतपणाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यापासून लेकरू बाहेर येईपर्यंत, बाईला जोर लावायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शनाप्रमाणे पहिलटकरणीला यासाठी तीन तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेलीला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. माय आणि लेकरू दोघंही ठीक असतील तर घाई करायची नाही. पण कधी बाई थकून जाते, कधी लेकराचे ठोके घसरतात. कधी बाईला हृदयविकार असतो आणि तिला फार जोर लावू देणं धोक्याचं ठरतं. डोकं पुरेसं खाली आलेलं असेल तर अशा वेळी हातात दोन साधनं असतात: चिमटा आणि व्हॅक्यूमचा कप. नाहीतर सिझर.

कपाची कल्पना जुनी आहे. बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारे एडिंबराचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४९मध्ये हवा ओढून डोक्याला चिकटणारं एक साधन करून पाहिलं. ते टिकलं नाही. शंभरेक वर्षांनी, १९५०च्या दशकात, स्वीडनच्या टागे माल्मस्ट्रॉम यांनी धातूचा बशीसारखा कप केला आणि तिथून व्हॅक्यूम जगभर गेला. पुढं सिलिकॉनचे मऊ कप आले, मग एका हातानं दाबायच्या पंपाचे, एकदा वापरून टाकायचे कप आले. साधन सुधारत गेलं आणि ते वापरणारे हात मात्र बऱ्याच ठिकाणी कमी होत गेले.

“आकडे बघा,” मॅडम म्हणाल्या. “राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ला देशात शंभरातली साडेआठ बाळंतपणं सिझरनं होत होती. २०१९-२१ला साडेएकवीस. महाराष्ट्रात २५.४. देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ आणि सरकारीत १४.३. आता मला सांगा, व्हॅक्यूम किती? त्या पाहणीच्या ठळक आकड्यांत व्हॅक्यूमची ओळच नाही. जे मोजलं जात नाही ते शिकवलंही जात नाही.”

“सिझर वाढलं म्हणजे वाईटच झालं असं नाही, मॅडम. महाराष्ट्रात २०१८-२०चा मातामृत्यूचा दर लाखाला ३३ होता, देशाचा ९७. बायका दवाखान्यात यायला लागल्या आणि दवाखान्यात सिझर होतं, म्हणूनच हे झालं ना?”

“मान्य. वेळेवर झालेल्या सिझरनं हजारो जणी वाचल्यात. पण डोकं कमरेत खोल रुतल्यावरचं सिझर वेगळं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. खालून कुणीतरी डोकं वर ढकलतंय, वरून तुम्ही हात घालताय, पिशवीचा छेद बाजूला फाटत जातोय, रक्त थांबत नाही. आणि पुढच्या खेपेला पिशवीवर तो व्रण राहतोच.”

मग त्यांनी जे सांगितलं ते या भागाबाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही. कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला निघतात. शेजारच्या बीडमधून तर फार मोठ्या संख्येनं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या आसऱ्यानं, पालात. पहिल्या बाळंतपणात सिझर झालेली बाई दुसऱ्या वेळी त्या पालात दिवस भरत असेल, तर पिशवीवरच्या व्रणाचा धोका तिच्या एकटीचा असतो. तिचे कागद गावाकडं, तिचं ज्या डॉक्टरनं सिझर केलं ते दोनशे-तीनशे किलोमीटर दूर. “पहिलं सिझर टाळता आलं असतं आणि टाळलं नाही, तर त्याचा हिशोब इथं होतो,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या माझ्या वॉर्डात नाही.”

लोह्याच्या पुढं चहासाठी थांबले तेव्हा सरांनी सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. मॅडमना ती ओझरती माहीत होती. सिस्टरना नव्हती.

सर तेव्हा दुसऱ्याच्या दवाखान्यात रात्रपाळी करत. पहिलटकरीण, चांगली धडधाकट. डोकं अडलेलं. आधी एका डॉक्टरनं कप लावला, सुटला. परत लावला, परत सुटला. मग सरांना हाक आली आणि त्यांनीही लावला. किती वेळ गेला कुणी बघितलं नाही. नंतर कागदांवरून हिशोब केला तेव्हा पाऊण तास निघाला. लेकरू झालं, रडलं, गुलाबी होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आजीनं पेढे आणायला माणूस पाठवला. रात्री लेकरू दूध ओढेना, मग पांढरं पडत गेलं. डोक्याला हात लावला तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखं लागलं, कानाच्या मागंपर्यंत सुजलेलं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

“त्या रात्री मला कुणी सांगितलं असतं की डोकं तासातासाला चाचपून बघायचं,” सर म्हणाले आणि पुढं बोलले नाहीत.

या प्रकाराचं वैद्यकीय कारण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण व्हॅक्यूमची भीती इथूनच येते आणि ती खोटी नाही. लेकराच्या डोक्याची कातडी आणि कवटी यांच्यामध्ये एक सैल जागा असते. कप वाकडा लागला, पिरगाळला गेला, पुन्हा पुन्हा सुटला आणि पुन्हा पुन्हा ओढला गेला, तर त्या जागेतल्या बारीक शिरा फाटतात. ती जागा भुवयांपासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोकळी असते, त्यामुळं रक्त अडायला भिंतच नाही. तीन किलोच्या लेकराच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. डोक्याचा घेर एक सेंटिमीटरनं वाढला, तर त्यामागं साधारण चाळीस मिलिलिटर रक्त जमलेलं असू शकतं. म्हणजे तीन सेंटिमीटर सूज दिसली, तर निम्मं रक्त डोक्यातच गेलं.

सगळ्याच सुजा इतक्या भयंकर नसतात. कप काढल्यावर डोक्यावर अंबाड्यासारखा जो उंचवटा दिसतो, तो बघून नातेवाईक घाबरतात, पण तो काही तासांत उतरायला लागतो. कवटीच्या एकाच हाडावर, त्या हाडाच्या कडेशी थांबणारी रक्ताची गाठ बरेच दिवस राहते, तिच्यामुळं कावीळ वाढू शकते, पण सहसा ती आपोआप विरते. भीती वाटायला हवी ती हाडांच्या शिवणी ओलांडून पसरणाऱ्या, बोटानं दाबली की हिंदकळणाऱ्या, मानेकडं उतरणाऱ्या सुजेची. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं मे १९९८मध्ये व्हॅक्यूमबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या चार वर्षांत त्यांच्याकडं बारा मृत्यूंची नोंद झाली होती. त्या इशाऱ्यातली एक सूचना फार साधी होती: लेकराला कप लावला होता, हे त्याची पुढं देखभाल करणाऱ्यांना सांगा. सरांच्या त्या रात्री एवढंच झालं असतं, तरी कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं.

“मग तुम्हाला माझं म्हणणं कळलं ना, मॅडम,” सर म्हणाले. “कप वाईट आहे असं मी म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातातला कप वाईट. आणि लेबर रूममध्ये त्या क्षणी सगळेच घाबरलेले असतात.”

“कळलं. आता माझी रात्र ऐका.”

मॅडमकडं सीमेकडच्या एका तालुक्यातून बाई आली होती. १०८च्या गाडीतून, अडीच तासांचा रस्ता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘डोकं खाली, प्रगती नाही, पुढील उपचारासाठी’. निघाली तेव्हाच लेकराचे केस दिसत होते. ठोके तेव्हा घसरत होते, पण होते. नांदेडला पोचली तेव्हा नव्हते. “तिथल्या डॉक्टरला मी दोष देत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तरुण मुलगा. त्यानं आयुष्यात एकदाही कप लावलेला नव्हता. एकदा दुरून बघितला होता. दोन ओढींचं काम होतं, सर. मी हात लावून बघितलं, तेव्हा मला कळलं की दोनच ओढींचं काम होतं.”

चहा संपला तरी कुणी उठेना.

दोन लेकरं, दोन दवाखाने. एकाला कप फार लागला, दुसऱ्याला लागलाच नाही. सरांनी त्यातून एक धडा घेतला, मॅडमनी दुसरा, आणि दोघांचेही धडे त्यांच्या त्यांच्या रात्रीतून आलेले आहेत. ही गोष्ट विसरून व्हॅक्यूमच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलणं सोपं आहे.

गाडी पुन्हा निघाली. सरांनी मोठा आकडा काढला, जो स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रत्येक चर्चेत कधी ना कधी येतो. कॅलिफोर्नियातल्या ५,८३,३४० पहिलटकरणींच्या लेकरांचा अभ्यास १९९९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. आपोआप बाळंत झालेल्यांत १,९००मधल्या एका लेकराच्या मेंदूत रक्तस्राव झाला. व्हॅक्यूम लावलेल्यांत ८६०मधल्या एकाच्या. “दुपटीहून जास्त, मॅडम.”

“पुढची ओळ सांगा की. कळा सुरू झाल्यावर सिझर केलं त्यांच्यात किती?”

“९०७त एक.”

“म्हणजे जवळपास व्हॅक्यूमएवढंच. कळांच्या आधीच सिझर केलं तर २,७५०त एक. त्यावरून काय दिसतं? धोका बराचसा अडलेल्या बाळंतपणाचा आहे, सगळा कपाचा नाही. आणि त्याच अभ्यासातला सगळ्यात वाईट आकडा कुठला?”

सरांना तो पाठ होता. “व्हॅक्यूम आणि चिमटा दोन्ही लावले त्यांच्यातला.”

“म्हणजे एक साधन फसलं की दुसरं घ्यायची हौस. तुमच्या त्या रात्री एकच साधन होतं, पण माणसं दोन होती. एक थकला की दुसरा. माझ्या हिशोबात ते तेच.”

सरांनी मान हलवली. पण लगेच म्हणाले, “कॅलिफोर्नियात कप फसला तर पंधरा मिनिटांत सिझर होतं. तो आकडा तुम्ही सीमेवरच्या रुग्णालयात नेऊ नका. तिथं कप फसला तर काय? लेकरू आता आणखी थकलंय, बाई आणखी थकलीय, आणि गाडी दोन तास धावणार आहे. थिएटर नाही तिथं व्हॅक्यूम नाही. माझा हा नियम आहे आणि मी बदलणार नाही.”

या मुद्द्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि जगातल्या तज्ज्ञांमध्येही इथं ताण आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी तातडीच्या प्रसूतिसेवेची जी मूळ कामं ठरवली, ती प्राथमिक पातळीवर सात आहेत. संसर्गावर इंजेक्शनातून औषध, रक्तस्राव थांबवणारं औषध, झटक्यांवर औषध, अडकलेली वार हातानं काढणं, पिशवीत राहिलेले तुकडे काढणं, लेकराला श्वास देणं, आणि सातवं, साधनानं खालून बाळंतपण. सिझर आणि रक्त देणं वरच्या पातळीवर येतं. म्हणजे कागदावर थिएटर नसलेल्या ठिकाणीही कप असायला हवा. पण त्याच विषयावरची पुस्तकं असंही सांगतात की कप लावण्याआधी तो फसला तर काय, हे ठरलेलं असलं पाहिजे.

“दोन्ही खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून मी म्हणते, बाहेरच्या रुग्णालयात फक्त तळाशी आलेलं डोकं. टाळू स्पष्ट लागतेय, केस दिसतायत, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, लघवीची पिशवी रिकामी केलीय. वर अडलेलं, तिरकं अडलेलं डोकं असेल तर हात लावायचा नाही, गाडी बोलवायची. चौतीस आठवडे न भरलेलं लेकरू असेल, तोंड पुढं करून येत असेल, तर नाही. आणि गाडी कप लावायच्या आधी बोलवायची. कप यशस्वी झाला तर गाडी रिकामी जाऊ द्या, डिझेल गेलं तर गेलं.”

“गाडी आधी बोलवायची, हे बरोबर बोललात,” सर म्हणाले.

इतका वेळ गप्प असलेल्या सिस्टर वळून म्हणाल्या, “सर, मॅडम, मी एक सांगू? कप नसतो तिथं काय होतं ते तुम्ही दोघंही बोलला नाहीत. कप नसतो तिथं पोटावर दाबतात.”

गाडीत शांतता झाली.

“मावशी स्टुलावर चढती आन् वरून कोपरानं दाबती. बाई वरडती. नातेवाईक बाहेर ऐकत्यात. डॉक्टर खाली बघत्यात. कुणी काही म्हणत नाही, कारण सगळ्यांला वाटतं लेकरू येऊ दे एकदाचं. मी पण केलंय पहिल्या वर्षांत. मला कुणी सांगितलं नव्हतं की पिशवी फाटू शकती.”

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की बाळंतपण लवकर व्हावं म्हणून पोटावर दाबू नये. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७पासून सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूममधल्या वागणुकीवर भर आहे. तरी स्टूल अजून कोपऱ्यात दिसतं. सिस्टरांचं बोलणं मॅडमच्या बाजूनं झालं असं वाटेल, पण त्यांचा रोख दोघांकडंही होता. व्हॅक्यूम बंद केला म्हणजे ओढाताण बंद होत नाही, ती दुसऱ्या रूपात येते. उलट व्हॅक्यूम आणला पण शिकवला नाही, तर आधी कप, मग पोटावर दाब, मग पुन्हा कप, असं सगळंच एकत्र सुरू होतं.

युगांडाची गोष्ट मॅडमनी इथं सांगितली. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात वर्षाला हजारो बाळंतपणं होत, आणि व्हॅक्यूम जवळपास विसरला गेला होता. २०१२च्या शेवटापासून डच आणि स्थानिक डॉक्टरांनी तो पुन्हा शिकवायला घेतला. शंभरामागं एकालाही न लागणारा कप शंभरामागं दोनाच्या वर लागू लागला. याच काळात कळांदरम्यान पोटात दगावणाऱ्या लेकरांचं प्रमाण उतरलं. “शंभरात दोन. बस, एवढंच,” मॅडम म्हणाल्या. “मला प्रत्येकीला कप लावायचा नाही, सर. त्या दोघींना लावता येणारा हात हवाय.”

“हात!” सर एकदम जोरात बोलले. “हात कुठून आणणार? आपलं लातूर बघा. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून सुरू झालेला पॅटर्न, सगळ्या राज्यातनं पोरं येतात, मेडिकलला लागतात. नांदेडलाही आता तेच. अभिमान आहे मला, माझा मुलगा त्यातूनच गेला. पण चार पर्यायांतला एक निवडून आलेलं पोर लेबर रूममध्ये उभं राहतं, तेव्हा तिथं पर्याय छापलेले नसतात. तुमचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन त्याला प्रमाणपत्र मिळणार. प्रमाणपत्राचा धीर आणि हाताचा सराव नाही, यापेक्षा धोकादायक दुसरं काही नाही.”

मॅडमनी हे खोडून काढलं नाही. २०१९पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला व्हॅक्यूम कधी आणि कोणत्या पायऱ्यांनी लावतात हे माहीत असावं, त्यानं तो बघावा, मदतीला उभं राहावं, अशी अपेक्षा आहे. स्वतः लावता यावा, अशी नाही. आणि ज्या मोठ्या दवाखान्यात शिकायचं, तिथं इतकी गर्दी असते की रात्री अडीच वाजता शिकवण्यापेक्षा वरिष्ठानं स्वतः करून मोकळं होणं सोपं जातं. “एका दिवसात मी फक्त चूक दाखवू शकते,” मॅडम म्हणाल्या. “हात तयार व्हायला बाहुलीवर परत परत, मग वरिष्ठाच्या हाताखाली, आणि प्रत्येक कपाची वहीत नोंद. किती ओढी, किती वेळा सुटला, किती मिनिटं, कप कुठं लागला होता, लेकराचं पुढं काय झालं. फसलेल्यांची नोंद आधी.”

कप कुठं लागला, यावर त्या थांबल्या. या साधनाची सगळी मेख तिथं आहे. ऑस्ट्रेलियाच्या आल्डो व्हाका या प्रसूतितज्ज्ञांनी आयुष्यभर हे सांगितलं. मागच्या टाळूपासून तीन सेंटिमीटर पुढं, डोक्याच्या मधल्या शिवणीवर एक ठिकाण आहे. कपाचा मध्य तिथं आला की ओढ पडल्यावर लेकराची हनुवटी छातीला टेकते आणि डोकं आपल्या सगळ्यात लहान घेरानं बाहेर येतं. कप पुढं सरकला की हनुवटी उचलली जाते, घेर वाढतो. बाजूला सरकला की डोकं तिरपं होतं. मग माणूस जोर वाढवतो, कप सुटतो, आणि दोष साधनाला जातो. बोटानं मोजायची ही तीन सेंटिमीटरं आहेत. हाताच्या दोन बोटांची रुंदी साधारण तेवढीच भरते.

उरलेलं सांगायला सोपं, पाळायला अवघड. कपाच्या कडेनं बोट फिरवून बाईची कातडी अडकली नाही ना बघायचं, दाब वाढवल्यावर परत बघायचं. दाब पाऱ्याच्या सहाशे मिलिमीटरच्या वर न्यायचा नाही. कळ आली आणि बाईनं जोर लावला, की तेव्हाच ओढ; कळ ओसरली की हात सैल. आधी खालच्या दिशेनं, मग समोर, डोकं दिसू लागलं की वर, जसं कमरेच्या वाटेचं वळण. पिरगाळायचं नाही, हलवायचं नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा कपावर आणि बोट लेकराच्या डोक्यावर, म्हणजे डोकं सरकतंय की नुसती कातडी ताणली जातेय, हे कळतं. प्रत्येक ओढीला डोकं थोडं तरी खाली आलंच पाहिजे. तीन ओढींत आलं नाही, कप दोन-तीनदा सुटला, वीस मिनिटं झाली, की संपलं.

“आणि बाईला आधी सांगायचं,” सिस्टर मध्येच म्हणाल्या. “काय लावतोय, काहून लावतोय. तिच्या आईला पण. डोक्यावर अंबाडा दिसंल, घाबरू नका, हे आधी सांगितलं तर नंतर भांडण होत नाही.”

भांडणाचा विषय निघाला तसे सर पुन्हा सरसावले. डॉक्टर ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये ठरवलं. दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१०पासून कायदा आहे, तरी काचा फुटतातच. “व्हॅक्यूम लावून लेकरू गेलं तर लोक म्हणतात, डॉक्टरनं डोकं ओढलं. सिझर करून गेलं तर म्हणतात, डॉक्टरनं शेवटपर्यंत प्रयत्न केले. मग सांगा, मी काय निवडणार?” या प्रश्नावर मॅडमकडं उत्तर नव्हतं. कुणाकडंच नाही, आणि खालून होणारी बाळंतपणं वाढवायची योजना आखणाऱ्यांनी आधी या प्रश्नाशी थांबायला हवं.

चाकूर मागं पडलं. मॅडम आता पुढच्या चोवीस तासांबद्दल बोलत होत्या. व्हॅक्यूमनंतर बाईला सहा तासांच्या आत प्रतिजैविकाचा एक डोस दिला, तर संसर्ग १९ टक्क्यांवरून ११वर येतो, हे ब्रिटनमधल्या २०१९च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. लेकराला व्हिटॅमिन के. आणि लेकराच्या खाटेला लाल चिठ्ठी: ‘व्हॅक्यूम’. दर तासाला डोकं चाचपायचं, घेर मोजायचा, रंग बघायचा, ठोके मोजायचे. सरांनी ती लाल चिठ्ठी मागून घेतली आणि खिशात ठेवली.

लातूरला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. हॉलमध्ये अजून कुणी नव्हतं. मॅडमनी टेबलावर सांगाडा ठेवला, आतून बाहुली बसवली, वरून हिरवं कापड टाकलं. मग कप सरांच्या हातात दिला.

“सतरा वर्षं झाली, मॅडम.”

“म्हणून तर.”

सिस्टरनी वही उघडली, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि वेळ लिहिली. सरांनी बोटानं टाळू शोधली, पुढचीला मागची समजले, परत शोधली. कप बसवला, कडेनं बोट फिरवलं, पंप दाबला. मॅडमनी “कळ” म्हटलं की ओढ. पहिल्या ओढीला बाहुली सरकली. दुसऱ्या ओढीला सरांचा हात घाईनं वर गेला आणि कप फटकन सुटला. त्यांनी परत बसवला. कपाळावर घाम होता.

तिसरी ओढ. डोकं हाललं नाही.

“सर, तीन झाल्या,” सिस्टर म्हणाल्या.

सरांचा हात मुठीवर तसाच होता. बाहुलीचं डोकं अगदी दाराशी दिसत होतं, एका ओढीत येईल असं वाटत होतं. त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम काही बोलल्या नाहीत.

“सर, तीन झाल्या. अकरा मिनिटं. थांबा,” सिस्टर पुन्हा म्हणाल्या, या वेळी मोठ्यानं.

सरांनी दाब सोडला. कप टेबलावर ठेवला, हात कापडाला पुसले आणि म्हणाले, “लिहा, सिस्टर. आणि परत लावूया. या वेळी मागची टाळू मी आधी तुम्हाला दाखवतो.”